समांतर रेषेचं समीकरण: चढ काढायचा की सहगुणक उचलायचे?

उदाहरण एकच घेऊ. ३क्ष − ४य + ७ = ० या रेषेला समांतर आणि (२, −५) या बिंदूतून जाणारी रेषा हवी आहे. अकरावीत हे बहुतेक जण चढ काढूनच सोडवतात, आणि तिथेच वेळ जातो.

चढाची रीत अशी. दिलेल्या रेषेचा चढ ३/४. समांतर रेषांचे चढ सारखे, म्हणून य + ५ = (३/४)(क्ष − २). चारने गुणलं की ४य + २० = ३क्ष − ६, आणि आवरून ३क्ष − ४य − २६ = ०. आपण काय करतोय ते यात डोळ्यांसमोर राहतं. पहिल्यांदाच शिकत असाल तर हीच धरा. मात्र समीकरणातून चढ काढताना उणे चिन्ह हमखास सुटतं, आणि अपूर्णांक शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

सहगुणकांच्या रीतीत चढ लागतच नाही. क्ष आणि य यांचे सहगुणक तसेच ठेवायचे, बदलतं फक्त स्थिरपद. ३क्ष − ४य = क लिहा, बिंदू घाला: ६ + २० = २६. झालं उत्तर! क्ष = ४ सारखी उभी रेषा आली की चढवाले अडतात, कारण तिचा चढच काढता येत नाही. इथे (−१, ६) मधून जाणारी समांतर रेषा सरळ क्ष = −१. शिवाय फसवा बिंदूही लगेच उघडा पडतो. वरच्याच रेषेसाठी (−१, १) दिला असता तर क = −७ आला असता, म्हणजे मूळचीच रेषा; तो बिंदू तिच्यावरच आहे.

य = मक्ष + क हे रूप फक्त रेषा तशीच दिलेली असेल तर वापरा. य = २क्ष + ५ आणि बिंदू (३, १) असेल तर १ = ६ + क, म्हणून य = २क्ष − ५. एरवी मुद्दाम या रूपात आणण्यात काही हशील नाही.

एमएचटी-सीईटीत गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे दोन मिनिटंही नाहीत. तिथे मी डोळे झाकून सहगुणकच उचलेन. पर्यायांत ६क्ष − ८य − ५२ = ० दिसलं तर गडबडू नका, तीच रेषा आहे, फक्त दुपटीत मांडलेली. पुढे दोन रेषांमधलं अंतर विचारलं तरी तयारी झालेलीच असते: (७ + २६) भागिले ५, म्हणजे ६.६ (५ हे ३ आणि ४ या सहगुणकांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ).

कॉलेजच्या लेखी पेपरात ही रीत वापरताना ‘समांतर रेषांचे क्ष व य यांचे सहगुणक प्रमाणात असतात’ एवढी ओळ आधी लिहा. नुसतं उत्तर दिसलं तर पायऱ्यांचे गुण जातात.