रिमोट सेन्सिंगचं शिक्षण: सलग पाच वर्षं की तीन अधिक दोन?

रिमोट सेन्सिंग-जीआयएसमध्येच, म्हणजे उपग्रहाच्या दृश्यांवरून जमिनीचा अभ्यास आणि संगणकावरचे नकाशे यांतच जायचं हे ज्यांचं पक्कं आहे, त्यांच्यापुढे हल्ली दोन वाटा असतात. पदवी आणि पदव्युत्तर एकत्र असलेला पाच वर्षांचा अभ्यासक्रम, किंवा आधी भूगोल, भूगर्भशास्त्र असं काही घेऊन बीएस्सी आणि मग याच विषयाची, जिओइन्फर्मेटिक्सची, दोन वर्षांची एमएस्सी. मी पहिल्या वाटेने गेलो. आमच्याकडे तिसऱ्या वर्षाअखेर पदवी घेऊन बाहेर पडायची मुभा होती आणि जवळचे काही मित्र तसे पडलेही. त्यामुळे दुसरी वाटही बऱ्यापैकी जवळून पाहिली.

तीन अधिक दोनची बाजू कमकुवत अजिबात नाही. भूगर्भशास्त्राची पदवी कुठेही दाखवा, ती काय आहे हे समजावून सांगावं लागत नाही. तीन वर्षांत मन बदललं तर विषय बदलता येतो, शहर बदलता येतं. शिवाय एमएस्सीच्या वर्गात कृषीवाला, संगणकवाला आणि भूगोलवाला एकत्र बसतात, आणि मित्र सांगायचे की शिकवणीपेक्षा त्या गप्पांतच जास्त शिकायला मिळालं. मला त्याचा थोडा हेवाही वाटायचा. वर्गातल्या या सरमिसळीमुळेच पहिलं सत्र मात्र सगळ्यांना एका पातळीवर आणण्यात जातं. गोल पृथ्वी सपाट नकाशावर कशी आणायची (प्रोजेक्शन), मोजमापाचा आधार कोणता धरायचा (डेटम), यूटीएम या नकाशापद्धतीत नागपूर ४४व्या झोनमध्ये आणि पुणे ४३व्यात, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेही एकवेळ चालेल.

माझ्यासाठी गोष्ट ठरली ती प्रबंधाच्या वेळापत्रकावर.

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रबंध बहुधा शेवटच्या सत्रात येतो, म्हणजे जानेवारी ते मे-जून. मला काम करायचं होतं लातूरकडच्या सोयाबीनवर. सोयाबीन पेरतात पाऊस पडल्यावर, काढतात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात. जानेवारीत त्या रानात हरभरा उभा असतो. आता कुणी म्हणेल, उपग्रहाची जुनी दृश्यं तर मिळतातच की. मिळतात. जुलै-ऑगस्टच्या ढगांत सेंटिनेल-२ हा साध्या प्रकाशात दृश्यं टिपणारा उपग्रह फारसा कामाला येत नाही, पण सेंटिनेल-१ या उपग्रहाचं रडार ढगांतूनही बघतं आणि त्याची ऑगस्टमधली दृश्यं जानेवारीतही डाउनलोड होतात. ऑगस्टमधलं शेत मात्र जानेवारीत जाऊन बघता येत नाही.

ते बघणं का गरजेचं? आमच्या भागात सोयाबीनच्या सहा ओळींमागे तुरीची एक ओळ घालायची पद्धत सर्रास आहे. दोन ओळींत साधारण दीड फूट अंतर धरलं, तर सेंटिनेल-२च्या दृश्यातल्या दहा मीटरच्या एका पिक्सेलमध्ये, म्हणजे एका ठिपक्यात, तुरीच्या तीनेक ओळी येतात. सप्टेंबरअखेर सोयाबीन पिवळं पडून पानं गाळायला लागतं, तूर त्याच वेळी हिरवीगार असते. त्या पिक्सेलचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणा मोजणारा आकडा, अपेक्षेइतका खाली येत नाही आणि दृश्यावरून पिकं ओळखायच्या माझ्या वर्गीकरणात अशी शेतं सरळ कापसात जाऊन बसायची. बांधावर उभं राहून पाहिलं होतं म्हणूनच मला ते उमगलं. तीन अधिक दोनच्या वाटेने गेलेल्या माझ्या एका मित्राकडे दृश्यं तीच होती, पण प्रत्यक्ष पडताळणीचे बिंदू, म्हणजे कुठल्या शेतात खरंच कोणतं पीक होतं याच्या नोंदी, त्याला दुसऱ्याकडून मागून घ्यावे लागले, आणि त्यात आंतरपिकाची नोंदच नव्हती. शेवटी त्याने विषय बदलून हरभरा घेतला.

सलग अभ्यासक्रमात आमचं पाचवं वर्ष जवळजवळ पूर्ण प्रबंधाचं होतं. जूनमध्ये विषय हातात, पेरणीपासून काढणीपर्यंत शिवारात फेऱ्या, आणि विश्लेषणाला पुढचे सहा महिने मोकळे. माझ्या मते याची भरपाई कशानेच होत नाही.

अर्थात शहरांची वाढ, जमिनीच्या नोंदी किंवा थेट सॉफ्टवेअरचं काम करायचं असेल, तर हंगामाची ही अडचण तुम्हाला जाणवणारही नाही. मग तीन अधिक दोन खुशाल घ्या. पिकं, पूर, ओलावा, दरडी यांच्याकडे ओढा असेल, तर मी सलग पाचच्या बाजूने झुकेन.

सगळे एकत्रित अभ्यासक्रम सारखे नसतात, हेही लक्षात असू द्या. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अवकाशविज्ञानाच्या संस्थेत पाच वर्षांत इंजिनिअरिंग फिजिक्सचं बीटेक आणि वर पदव्युत्तर पदवी मिळते, त्यात अर्थ सिस्टिम सायन्सचा, म्हणजे पृथ्वीविज्ञानाचा पर्याय आहे. पण तिथला पाया भौतिकशास्त्राचा. काही ठिकाणी पाच वर्षांनंतर एकच पदवी हातात येते, आणि मग जिथे पदवीचं प्रमाणपत्र वेगळं मागतात तिथे खुलासे करत बसावं लागतं. त्यामुळे प्रवेशाआधी विभागात जाऊन दोन गोष्टी नक्की विचारा: पदव्या दोन मिळतात का, आणि प्रबंध कोणत्या महिन्यात सुरू होतो. दुसऱ्याचं उत्तर जून-जुलै आलं, तर माझ्या दृष्टीने बराचसा निर्णय तिथेच झाला.