कॅराव्हॅनसाठी घरगुती लाकडी शेगडी: सिलिंडरची की प्लेटची?

कॅराव्हॅनमध्ये लाकडाची शेगडी बसवायची आणि ती स्वतःच बनवायची, हे एकदा ठरलं की पुढचा प्रश्न साहित्याचा. जुना गॅस सिलिंडर कापायचा, की पोलादी प्लेट आणून चौकोनी डबा जोडायचा? दोन्ही प्रकार मी बनवले आहेत आणि दोन्हींच्या उबेत थंडीच्या रात्री काढल्या आहेत. वेल्डिंग तुम्हाला येतं, छतातून जाणारं धुराडं दुहेरी भिंतीचंच हवं हे ठाऊक आहे आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय तुम्ही काडी ओढणार नाही, असं धरून चालतो.

सिलिंडरचं आकर्षण मला पूर्ण समजतं. अर्धं काम आयतंच झालेलं असतं. गोल अंग तापलं तरी सहसा वाकत नाही. वेल्डिंगही थोडकंच. पत्रा साधारण 3 मिमीचा, त्यामुळे गारठलेली कॅराव्हॅन पटकन ऊबदार होते, आणि वजनही आटोपशीर राहतं. तो कापताना मात्र कसलीही घाई नको. रिकामा वाटणाऱ्या सिलिंडरमध्येही गॅस उरलेला असतो आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसून राहतो. व्हॉल्व्ह काढायचा, आत काठोकाठ पाणी भरायचं आणि पहिला छेद पाणी आत असतानाच हाताच्या करवतीने घ्यायचा. बरेच सिलिंडर गॅस कंपनीच्याच मालकीचे असतात, तेव्हा आपल्या मालकीचाच घ्यावा. पहिली जोरदार आग उघड्यावर पेटवून जुना रंग जाळून टाकावा, तो धूर कॅराव्हॅनमध्ये नको.

प्लेटच्या डब्याला मेहनत जास्त. सलग वेल्डिंग करत गेलात तर प्लेट हमखास वाकते. आधी सगळीकडे वेल्डिंगचे छोटे टाके मारून घ्यायचे, मग समोरासमोरच्या बाजू आलटून-पालटून थोड्या थोड्या भरायच्या. वजनही आहेच. 5 मिमी प्लेटचं 1 चौरस मीटरला सुमारे 39 किलो भरतं, म्हणजे 30×30×40 सेंमीचा डबा आत उष्णता सोसणाऱ्या विटा बसवण्याआधीच 26 किलोच्या घरात जातो. जागा एक्सलच्या जवळ शोधावी लागते. त्या बदल्यात आतल्या विटा कापाकापी न करता भिंतीला टेकतात, वर किटली नीट बसते, आणि आग उतरल्यावरही धातू बराच वेळ ऊब देत राहतो.

इथपर्यंत पारडी जवळजवळ सारखी आहेत. माझा निर्णय झाला तो दारामुळे.

उभ्या सिलिंडरला दार करायचं म्हणजे अंगाचाच एक तुकडा कापून त्याला बिजागरी लावायची. कापताक्षणी धातूतला ताण मोकळा होतो आणि तुकड्याची गोलाई किंचित बदलते. कापणाऱ्या चकतीच्या जाडीइतकी फट चहूबाजूंनी पडते ती वेगळीच. ती झाकायला आतून पट्टी लावायची, तर ती पट्टीही त्याच गोलाईत वाकवावी लागते. एवढं सगळं केल्यावर मी दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं. खाली पट्टी घट्ट अडकायची. बिजागरीच्या वरच्या कोपऱ्यात मात्र अलगद सरकून बाहेर यायची. रात्री दिवा मालवला की त्याच कोपऱ्यात लाल रेघ दिसायची. उष्णतारोधक दोरीचा जाड पेड लावून पाहिला, तर दुसरीकडचं दार उचललं गेलं.

धुराड्याची ओढ चांगली असेल तर त्या फटीतून धूर सहसा बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. पण ही हवा आपल्या ताब्यात नसते. आगीला हवा देणारी खालची झडप बंद करूनही आग भडकलेलीच. एवढ्याशा जागेत आधी खिडकी उघडावी इतकं उकडतं, मग जळण संपून पहाटे हुडहुडी भरते. झडप पूर्ण कोंडून लाकूड रात्रभर धुमसत ठेवावं, असं मी मुळीच म्हणत नाही. त्याने धुराड्यात डांबर साचतं आणि विषारी वायूचा धोका वाढतो. पण झोपण्याआधी आग हळूहळू निखाऱ्यांवर आणता यायला हवी, आणि त्यासाठी दार मुकाट मिटलं पाहिजे.

चौकोनी डब्याचं तोंड सपाट असतं. तोंडापेक्षा चारी बाजूंनी 2 सेंमी मोठी प्लेट कापली, आतून सपाट पट्ट्यांची खाच करून त्यात दोरी बसवली आणि कडीला पाचर दिली, की दार ओढून बसतं. कागद चारही कोपऱ्यांत अडकतो. झडप फिरवली की थोड्याच वेळात ज्वाळा मंदावताना दिसतात, आणि हे सुख मला बाकी सगळ्या सोयींपेक्षा मोठं वाटतं.

काहींनी सिलिंडरलाच पुढे आलेली सपाट चौकट जोडलेली पाहिली आहे, आणि ती चांगली चालते म्हणतात. चालत असेलही. पण चौकटीची मागची कड सिलिंडरच्या गोलाईला जुळवून कापण्यात एवढा वेळ जातो की तेवढ्यात डब्याच्या दोन बाजू उभ्या राहतात.

तुमच्याकडे हलकी कॅराव्हॅन असेल, वजनाची मर्यादा अगदी काठावर असेल, किंवा शेगडी फक्त संध्याकाळी तासाभरासाठी पेटणार असेल, तर सिलिंडर घ्यायला हरकत नाही. जमिनीवर लांबी मिळत असेल तर तो आडवा ठेवा, गोल टोक कापून तिथे सपाट प्लेट जोडा आणि दार त्या प्लेटला करा. अंतिम रंग देण्याआधी आग पेटवून पूर्ण थंड होऊ द्या आणि कागदाची पट्टी पुन्हा एकदा चहूबाजूंनी फिरवून बघा. थंड असताना घट्ट बसलेलं दार एकदा तापून निवल्यावर कधी कधी सैल पडतं.