ओठ जड झाला, दाढ मात्र जागीच

खालची पहिली मोठी दाढ, रात्रभर ठणका, गार पाण्याची चूळ तोंडात धरली की तेवढ्यापुरता आराम. अशा पेशंटला रूट कॅनालआधी तुम्ही ब्लॉक देता, म्हणजे खालच्या जबड्याच्या मुख्य नसेजवळ भुलीचं इंजेक्शन. दहा मिनिटांत ओठ जड, जीभ जड. आणि बर (दात कोरायचं ड्रिल) डेंटिनला, म्हणजे दाताच्या आतल्या थराला, टेकताच पेशंट खुर्चीत उडतो. नवीन डॉक्टरला पहिली शंका येते ती स्वतःच्या हातावर. मलाही आली होती, आणि त्या भरात मी तोच ब्लॉक तीनदा दिला होता. पेशंटचा जबडा चार दिवस आखडला, दाढ तशीच.

हात बहुतेक वेळा चुकलेला नसतो. पल्पला, म्हणजे दाताच्या आतल्या नसा-रक्तवाहिन्यांच्या गाभ्याला, न परतणारी सूज आलेल्या खालच्या दाढांमध्ये एकटा ब्लॉक निम्म्या वेळा, कधी त्याहून जास्त वेळा अपुरा पडतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. सुजेतली प्रोस्टाग्लँडिन्स ही रसायनं नसांची टोकं हुळहुळी करून ठेवतात. शिवाय तिथे अशा प्रकारचे सोडियम चॅनल (नसेतून कळ पुढे नेणारी दारं) वाढतात, ज्यांना लिग्नोकेन हे भुलीचं औषध नीट बंद करू शकत नाही. म्हणून आधी एकच गोष्ट ठरवा: ओठ जड झालाय का? नसेल, तर ब्लॉक पुन्हा द्या. झाला असेल, तर तोच ब्लॉक परत देण्यात अर्थ नाही. गो-गेट्स किंवा अकिनोसी पद्धतीने सुई वर नेली तरी अशा दाढेत मोठा फरक पडेल असं धरू नका. अकिनोसीचा खरा उपयोग तोंड उघडत नसेल तेव्हा.

आणि थांबा. ओठ जड होतो त्याच्या बऱ्याच नंतर पल्प बधिर होतो. पंधरा मिनिटं द्या, मग कापसाच्या बोळ्यावर कोल्ड स्प्रे मारून दाढेला लावा. कळ आली तर बर उचलू नका. कळ आली नाही तरी पेशंटला हात वर करायला सांगूनच सुरुवात करा, कारण या चाचणीलाही दाढ कधीकधी फसवते.

आता औषध कोणतं? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी २ टक्के लिग्नोकेन, १:८०,००० अ‍ॅड्रेनालिनसह, तीस मिलिची बाटली. स्वस्त आणि हाताखालचं. आर्टिकेन ४ टक्के, कार्ट्रिजमध्ये (औषध भरलेली छोटी नळी), महाग. ब्लॉकसाठी मी लिग्नोकेनच वापरतो. आर्टिकेनने ब्लॉक फार सुधारतो असं नाही, आणि ब्लॉकमध्ये दिल्यावर जीभ-ओठ दीर्घकाळ बधिर राहण्याची शंका त्याच्यामागे जुनी आहे. पण ब्लॉकनंतर त्याच दाढेच्या गालाकडच्या बाजूला एक कार्ट्रिज आर्टिकेनचं इन्फिल्ट्रेशन (दाताशेजारीच टोचून औषध सोडणं) दिलं, तर ते खालच्या जबड्याच्या जाड हाडातूनही बऱ्यापैकी उतरतं. तिथे लिग्नोकेन मागे पडतं. कार्ट्रिज विकत घ्यायचीच असतील तर या एका कामासाठी घ्या. वरच्या दाढांना बहुधा साधं इन्फिल्ट्रेशन पुरतं, तिथे हा खर्च क्वचितच लागतो.

डोसचा हिशेब मात्र विसरू नका. दोन्हींची मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम, म्हणजे लिग्नोकेन २१ मिली, पण आर्टिकेन जेमतेम साडेदहा. १.७ मिलिची सहा कार्ट्रिज झाली की संपलं. दोन्ही वापरली तर बेरीज एकत्र करायची.

खुर्चीत बसण्याआधीचा उपाय सगळ्यात स्वस्त: तासभर आधी आयबुप्रोफेन, ४०० ते ६०० मिलिग्रॅम. त्याने ब्लॉक यशस्वी होण्याची शक्यता वाढते, हे बरेच अभ्यास सांगतात. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, वेदनाशामकांनी बळावणारा दमा, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर नको. आणि पेशंट सकाळी घरून कुठली गोळी घेऊन आलाय ते आधी विचारा. लवंगेच्या तेलाबद्दल सांगतील, गोळीबद्दल विसरतील. याउलट सोडा मिसळून औषधाची आम्लता कमी करण्याने टोचताना आग कमी होते, पण तापलेल्या दाढेत भूल नक्की लागेल असा भरवसा त्यावर ठेवता येत नाही. अँटिबायोटिकने तर पल्पच्या ठणक्याला काहीच होत नाही.

एवढं करूनही दाढ जागी असेल तर दोन वाटा. इंट्रालिगामेंटरीला, म्हणजे दात आणि हाड यांच्या मधल्या फटीत टोचायला, फक्त बारीक सुई आणि अंगठ्यात जोर लागतो. मुळाच्या कडेला सुई घट्ट रोवून प्रत्येक बाजूला ०.२ मिली, हळू. दाबाला विरोध जाणवला नाही तर औषध तोंडात गळतंय असं समजा. असर पंधरा-वीस मिनिटांचा, म्हणून रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) आणि फाइल्स (मुळं साफ करायची हत्यारं) आधी मांडून ठेवा. नंतर दोन-तीन दिवस दाढ चावताना दुखते. हिरडीच्या कप्प्यात पू असेल तर ही वाट सोडा.

इंट्राऑसियस जास्त खात्रीचं: हाडाला बारीक छिद्र पाडून थेट आत. त्यासाठी वेगळा किट हवा, आणि अ‍ॅड्रेनालिनमुळे काही मिनिटं छातीत जोरात धडधडतं. ते आधी सांगितलं नाही तर घाबरलेला पेशंट हार्ट अटॅक आला म्हणतो. हृदयाचा त्रास असलेल्याला मी ते देत नाही. महिन्याला अशा दोन-तीनच दाढा येत असतील तर किट न घेता इंट्रालिगामेंटरीवर हात बसवा.

इंट्रापल्पल, म्हणजे थेट पल्पमध्ये टोचणं, सगळ्यात शेवटी, कारण त्यासाठी पल्प उघडा लागतो आणि तिथवर पोचणंच तर अवघड असतं. ते दाबाने काम करतं; नुसतं सलाईन दाबून भरलं तरी बधिरपणा येतो. सुई छिद्रात घट्ट बसेल एवढंच छिद्र ठेवा, मोठं केलंत की दाब गेला. पेशंटला आधी स्पष्ट सांगा, ‘काका, एकदाच जोरात कळ येईल, दहापर्यंत मोजा.’ माझे पेशंट बहुतेक चारपर्यंत पोचतात.