स्वरतंतूंवर गाठ: व्हॉइस थेरपी घ्यावी की शस्त्रक्रिया?

आवाज कित्येक आठवडे बसलेला आहे, तपासणीत स्वरतंतूंवर वाढ दिसली आहे, आणि एक जण म्हणतो व्हॉइस थेरपी, म्हणजे आवाज नीट वापरायला शिकवणारे व्यायाम करा, तर दुसरा म्हणतो काढून टाका. यातलं काय ऐकायचं हे ती वाढ कोणती आहे यावर ठरतं. त्यामुळे उपचार निवडण्याआधी निदान पक्कं करून घ्या, आणि शक्य असेल तर स्ट्रोबोस्कोपीनं, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशात तंतूंची हालचाल संथ करून दाखवणाऱ्या तपासणीनं. साध्या दुर्बिणीतून वाढ दिसते. तंतू थरथरतो कसा, हे मात्र स्ट्रोबोस्कोपीतच कळतं.

ती थरथर महत्त्वाची आहे. बोलताना पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा, तर स्त्रियांचे सुमारे २०० वेळा मिटतात-उघडतात, आणि दर वेळी त्यांच्या मऊ आवरणावरून एक लाट सरकते. वाढीमुळे तंतू नीट मिटले नाहीत की हवा गळते आणि आवाज पोकळ, दमलेला येतो. एक तंतू जड किंवा ताठ झाला की दोघांची लय जुळत नाही आणि आवाजात खरखर येते.

नोड्यूल म्हणजे सततच्या आघातानं येणारे घट्ट्यासारखे उंचवटे. ते बहुधा दोन्ही तंतूंवर समोरासमोर येतात, पुढचा एक तृतीयांश भाग संपतो त्या जागी. तिथेच तंतू सर्वांत जोरात आपटतात. मिटताना मधली फट डमरूसारखी दिसते. सकाळी बरा असलेला आवाज संध्याकाळपर्यंत थकतो. गाणाऱ्यांचे हळू लावायचे वरचे सूर आधी जातात आणि मग ते जोर लावून गातात, त्यानं आघात आणखी वाढतो. इथे माझं मत ठाम आहे: आधी थेरपी. बोलण्याची पद्धत तीच ठेवून नोड्यूल काढले तर ते परत येऊ शकतात. लहान मुलांत तर घाई अजिबात नको, वयात येताना ते पुष्कळदा आपोआप विरतात.

पॉलिप म्हणजे तंतूवरचा मऊ फुगवटा, तो सहसा एकाच बाजूला असतो. एकदाच जोरात ओरडल्यानं रक्तवाहिनी फुटूनही तो होऊ शकतो, म्हणून ‘त्या दिवसापासून आवाज गेला’ असं रुग्ण नेमकं सांगतात. कधी एकाच वेळी दोन सूर ऐकू येतात, कधी आवाज मध्येच तुटतो. लहान, ताजा पॉलिप विश्रांती आणि थेरपीनं आक्रसू शकतो. मोठा किंवा देठावर लोंबणारा असेल तर शस्त्रक्रियाच सरळ मार्ग.

सिस्टचा, म्हणजे बंद पिशवीसारख्या गाठीचा, निर्णय सर्वांत अवघड. ती आवरणाच्या आत दडलेली असते, त्यामुळे त्या जागची लाट अडते आणि ठरावीक सुरांवर आवाज गपकन बंद पडतो. व्यायामानं सिस्ट विरत नाही. थेरपीचा उपयोग एवढाच की आहे त्या तंतूंवर कमी ताण देऊन बोलता येतं, आणि रोजच्या कामाला तेवढं पुरत असेल तर शस्त्रक्रिया टाळण्यात काहीही गैर नाही. गायकाला मात्र ते क्वचितच पुरतं.

थेरपीला काही आठवडे ते महिने लागतात, रोजचा सराव लागतो आणि धोका जवळजवळ नसतो. शस्त्रक्रिया भूल देऊन तोंडावाटे होते, बाहेर छेद नसतो. क्वचित दाताला इजा होते किंवा जीभ काही काळ बधिर राहते. खरी भीती व्रणाची आहे. मऊ थर एकदा कडक झाला तर तो पूर्ववत करणं फार कठीण, म्हणून आवाजाच्या शस्त्रक्रिया नेहमी करणारा सर्जनच शोधा. नंतर काही दिवस मौन आणि पुन्हा थेरपी असतेच. कुजबुजणं म्हणजे मौन नव्हे, अनेकांचा घसा कुजबुजताना उलट जास्त आवळला जातो.

धूम्रपानानं तंतू सुजून आवाज जाड झाला असेल तर धूम्रपान सोडल्याशिवाय दोन्ही उपचार अपुरे पडतात. आणि तीन-चार आठवड्यांत न सुटलेला घोगरेपणा, थुंकीतून रक्त, गिळताना त्रास, मानेत गाठ किंवा श्वासाला अडथळा असेल तर आधी व्यायाम करून पाहू म्हणत थांबू नका. कर्करोग नाही याची खात्री कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून लगेच करून घ्या. श्वासाचा त्रास वाढत असेल तर थेट तातडीच्या विभागात जा.