टीके-फोर मायनस: नेट गेलं तरी चालणारा मेनफ्रेम

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार केंद्र चालवते. दिवसभर सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विम्याचे फॉर्म. रात्री पोरगी झोपली की मेनफ्रेम शिकते, म्हणजे बँका-विमा कंपन्यांत चालणारा मोठा कॉम्प्युटर.

दोन वर्षांआधी नागपूरच्या एका क्लासला पैसे भरले होते. तीन महिने झेरॉक्सच्या नोट्स मिळाल्या, मशीनवर लॉगइन एक दिवसही नाही. मेनफ्रेमला काम सांगायची भाषा जेसीएल, ती अर्धी पाठ झाली, पण जॉब, म्हणजे मशीनला द्यायचं काम, एकही टाकला नव्हता. त्याचा राग अजून आहे.

टीके-फोर मायनस फुकट मिळतं. हर्क्युलिस नावाचा एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपला मेनफ्रेमसारखं वागवणारा प्रोग्रॅम, आणि त्यावर आयबीएमची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम एमव्हीएस ३.८जे, असं सगळं जोडूनच येतं. आजच्या मेनफ्रेमवरच्या झेड/ओएस सिस्टिमची ही आजीच. दारव्ह्याला जाऊन एकदा झिप उतरवून आणली, त्यानंतर नेटची गरज पडली नाही. माझा सेकंडहँड लॅपटॉप ४ जीबीचा आहे, तरी कुठं अडलं नाही. लाइन गेली तर बॅटरीवर काम सुरूच.

पहिल्या रात्री घाबरले. नको त्या जागी टाइप केलं आणि कीबोर्डच बंद! खालच्या ओळीत फुली आली होती. ३२७० टर्मिनलची, म्हणजे मेनफ्रेमच्या स्क्रीन-कीबोर्डची, ही रीतच आहे, रीसेट दाबलं की सुटतं. हे नोट्समध्ये कुठंच नव्हतं.

मग पहिला जॉब. नवी डेटासेट, म्हणजे मेनफ्रेमवरची फाइल, बनवायची, प्रोग्रॅम आयईएफबीआर१४, जो स्वतः काहीच करत नाही. डेटासेट बनवायचं काम जेसीएलमधली डीडी ओळ, म्हणजे डेटासेटची माहिती देणारी ओळ, वाचून सिस्टिमच करते. सबमिट केला, प्रिंटरची फाइल उघडली. आधी पानभर मोठ्या अक्षरांत माझ्या जॉबचं नाव, जुन्या छापील कागदावर यायचं तसं. खाली जेसीएल एरर. तीन रात्री तीच ओळ वाचत होते. शेवटी दिसलं: डेटासेट नवी की जुनी हे सांगणाऱ्या डिस्पच्या कंसात ‘न्यू’नंतर स्वल्पविराम आणि त्यापुढं सवयीनं दिलेली एक स्पेस. जेसीएलमध्ये स्पेस आली की ऑपरंड, म्हणजे ओळीतला सूचनेचा भाग, तिथंच संपतो, पुढचं सगळं शेरा म्हणून सोडून दिलं जातं. स्पेस काढली आणि कंडिशन कोड शून्य आला, म्हणजे जॉब नीट पार पडला. मी एकटीच अंधारात टाळ्या वाजवल्या.

ओळ ७१ व्या रकान्यातच का संपवायची, रेकॉर्ड ८० चाच का, हेही इथंच उमगलं. ते ८० रकाने पंच कार्डाचे आहेत. जॉब कोणत्या क्लासमध्ये, म्हणजे रांगेत, थांबला, जॉब सांभाळणाऱ्या जेईएस२ नं तो कधी उचलला, हे कन्सोलवर, म्हणजे ऑपरेटरच्या स्क्रीनवर, डोळ्यांसमोर दिसतं. सिस्टिमची ऑपरेटर तुम्हीच असता. नोकरीत नवख्या माणसाला कन्सोल कोण देणार?

उणिवाही सांगते. यात आयबीएमचं आयएसपीएफ, म्हणजे मेन्यू आणि एडिटरचं पॅनेल, नाही, त्याच्यासारखं दुसरं पॅनेल वापरावं लागतं. कोबोल ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, पण जुनी. मेमरीचं ॲड्रेसिंग २४ बिटचं, म्हणजे एका ॲड्रेस स्पेसला १६ एमबीच. खरं झेड/ओएस हाताळायचं तर आयबीएमचं झेड एक्सप्लोर हे ऑनलाइन शिकायचं ठिकाण आहे. तेही फुकट, पण त्याला नेट लागतं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात टॉवर दोन-दोन दिवस बंद असतो. म्हणून मी आधी यावर हात बसवला, मग तिकडे गेले.

एक सांभाळा, खिडकी तशीच बंद करू नका. आधी टीएसओमधून, म्हणजे आपण लॉगइन करून काम करतो तिथून, लॉगऑफ, मग कन्सोलवरून जेईएस२ थांबवायचं, आणि एम्युलेटर सगळ्यात शेवटी.