मोत्यांच्या माळा गाठवण्याचे ‘घरबसल्या काम’ : एक फसवणुकीचा अनुभव

घरबसल्या मोत्यांच्या माळा गाठवा, माल आम्ही देऊ, तयार माळा आम्हीच उचलू, अशा जाहिराती सध्या फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांत सर्रास फिरत आहेत. त्यांपैकी एका जाहिरातीमागच्या मंडळींनी माझ्याकडून नोंदणी आणि अनामत मिळून ३,४९९ रुपये घेतले आणि नंतर आणखी ६,८०० रुपयांसाठी अटकेची धमकी दिली. रक्कम फार मोठी नाही, हे मलाही कळते. परंतु ही फसवणूक हाताने काम करणाऱ्या माणसाच्या स्वभावावर अचूक बेतलेली आहे, आणि ती नेमकी कशी रचली जाते हे कळल्याशिवाय नुसते ‘सावध राहा’ असे सांगण्याचा काही उपयोग नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी नाशिकमध्ये एका पतसंस्थेत नोकरी करते. दोऱ्याच्या गाठी मारून दागिने करणे हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे. रात्री ओटा आवरून, सासूबाईंची औषधे देऊन झाली की मेणाचा दोरा, सुई आणि फुटपट्टी घेऊन तासभर बसायचे, एवढाच काय तो त्याचा पसारा. चौकोनी गाठींचे कंगन, सरकत्या गाठीचे गळ्यातले, कधी एखाद्या जुन्या तन्मणीची नव्याने ओवणी, असे काहीबाही चाललेले असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून ते वाटले जाते, आणि कार्यालयातल्या मैत्रिणी दोऱ्या-मण्यांचे पैसे देऊन मागून नेतात. या छंदातून पैसे मिळवावेत असे मला कधी वाटले नव्हते. मात्र दोऱ्याचा खर्च निघून वर चार पैसे राहिले, तर नको कशाला म्हणावे?

मोत्यांची माळ गाठवणे म्हणजे काय, ते थोडे सांगणे भाग आहे, कारण पुढची सगळी लबाडी त्या गाठीतच दडलेली आहे. चांगल्या माळेत दर दोन मोत्यांच्या मध्ये एक गाठ असते. त्यामुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि दोरा तुटलाच तर सगळी माळ न ओघळता एखादाच मोती निसटतो. ही गाठ नुसती ओढून बसत नाही. दोऱ्याचा सैल फास करायचा, त्यात सुईचे टोक घालायचे, त्या टोकाने फास मोत्याच्या भोकाला टेकेपर्यंत सरकवत न्यायचा आणि मग सुई हळूच काढून घेत दोरा ताणायचा. सुई क्षणभर आधी निघाली तर गाठ मोत्यापासून अलीकडेच बसते, मध्ये उघडा दोरा दिसतो, आणि एकदा आवळलेली निरगाठ सोडवणे जवळजवळ अशक्य असते. सराफ बाजारातल्या एका पटवेकऱ्यांकडून मी हे शिकले. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या मंगळसूत्रे आणि ठुशा गाठवण्याचे काम चालते, आणि दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून ते ज्या वेगाने गाठी बसवतात तो वेग मला या जन्मी साधणार नाही.

जाहिरात माझ्याकडे कार्यालयातल्या एका मैत्रिणीच्या वहिनींकडून आली. त्यांचा हेतू चांगलाच होता आणि त्यांनी स्वतः पैसे भरलेले नव्हते, हेही इथे नोंदवते. दिलेल्या क्रमांकावर चौकशी करताच एका तरुणाचा फोन आला. बोलणे अत्यंत आर्जवी, प्रत्येक वाक्यात ‘ताई’. माझ्या कामाचे फोटो त्याने मागवून घेतले आणि ते पाहून, असे हात आम्हाला शोधून सापडत नाहीत, अशी भरभरून स्तुती केली. या स्तुतीला पुढे फार महत्त्व आहे. काम असे होते: २५ माळांचा एक लॉट, माळेमागे ८० रुपये मजुरी, मुदत १५ दिवस. नोंदणी फी ४९९ रुपये, आणि ‘माल तुमच्या हाती देतो म्हणून’ ३,००० रुपये अनामत, जी पहिला लॉट पोचताच मजुरीसह परत मिळणार होती.

कागदपत्रांत काही कमी नव्हते. छापील लेटरहेड, मुंबईचा पत्ता, उद्यम नोंदणीचे (म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचे) प्रमाणपत्र आणि जीएसटी क्रमांक, सगळे हजर होते. पतसंस्थेत कर्जाची कागदपत्रे रोज हाताखालून जात असल्यामुळे मी जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहिला, तर तो अस्तित्वात होता आणि ‘सक्रिय’ दिसत होता. इथेच ही मंडळी हुशार आहेत. ते खोटा क्रमांक देत नाहीत, कोणा तिसऱ्याच व्यापाऱ्याचा खरा क्रमांक उचलून देतात. म्हणून क्रमांक सक्रिय आहे एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. त्याच्या पंधरा खुणांपैकी पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४. पुढच्या दहा खुणा म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन, आणि पॅनमधले चौथे अक्षर, म्हणजे एकूण क्रमांकातले सहावे, तो पॅन कोणाचा आहे ते सांगते: कंपनी असेल तर ‘सी’, भागीदारी संस्था असेल तर ‘एफ’, एकटी व्यक्ती असेल तर ‘पी’. मला दिलेल्या लेटरहेडवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असे ठळक छापलेले होते, पत्ता मुंबईचा होता, आणि क्रमांक मात्र २४ ने सुरू होऊन सहाव्या जागी ‘पी’ घेऊन उभा होता. उद्यम प्रमाणपत्राचे तर बोलायलाच नको. ती नोंदणी विनामूल्य असते आणि स्वयंघोषणेवर होते. त्या कागदामुळे कोणी प्रामाणिक ठरत नाही.

अनामतीचे पैसे यूपीआयने भरताना पडद्यावर कंपनीऐवजी एका खाजगी व्यक्तीचे नाव आले. विचारले तर ‘आमचे अकाउंटंट आहेत, कंपनीच्या खात्याचे केवायसी चालू आहे’ असे उत्तर तयार होते. पैसे पोचताच मुद्रांकपत्रावरच्या कराराचा फोटो आला आणि आठवड्याभरात कुरिअरने मोत्यांची पिशवी आली. माल खरोखर आला, यामुळे उरलासुरला संशयही मावळतो. तो पाठवण्यामागचा हेतूच तो असतो.

आता करारातली मुख्य अट पाहा. प्रत्येक माळेत ६ मिलिमीटरचे ६८ मोती असावेत, दर दोन मोत्यांमध्ये एक गाठ असावी, माळेची लांबी १६ इंच असावी, आणि लांबीत ५ मिलिमीटरपेक्षा अधिक फरक आढळल्यास संपूर्ण लॉट नामंजूर होऊन अनामत जप्त होईल. वाचताना ही अट अगदी व्यावसायिक वाटते. परंतु हिशेब मांडा: ६ मिलिमीटरचे ६८ मोती नुसते एकमेकांना चिकटवून ठेवले तरी त्यांची लांबी ४०८ मिलिमीटर होते, आणि १६ इंच म्हणजे ४०६ मिलिमीटरच. गाठींना जागाच उरत नाही. गाठ कितीही बारीक मारली तरी पाऊणएक मिलिमीटर घेतेच, आणि ६७ गाठींचे मिळून ५० मिलिमीटर, म्हणजे जवळपास दोन इंच होतात. थोडक्यात, करारात सांगितलेली माळ जगातला कोणताही कारागीर करू शकत नाही. गाठी घातल्या तर लांबी चुकते, लांबी पाळली तर गाठी किंवा मोती कमी पडतात, आणि दोन्ही बाजूंनी लॉट नामंजूर करायला ते मोकळेच.

पहिलीच माळ १८ इंच भरल्यावर मी काम थांबवून त्या तरुणाला व्हॉट्सॲपवर हा हिशेब लिहून पाठवला. उत्तर लेखी आले नाही, फोन आला. ‘ताई, तेवढे चालते, करार सगळ्यांसाठी एकच छापलेला असतो, तुम्ही फक्त गाठी घट्ट मारा.’ पुढेही हाच क्रम राहिला: मुदतीची आठवण लेखी, अडचणीचे उत्तर मात्र नेहमी तोंडी. मुलीची सहामाही परीक्षा, दिवाळीची साफसफाई आणि कार्यालयातले काम यांतून वेळ काढून मी त्या माळा मुदतीत पूर्ण केल्या, प्रत्येक माळेचा फुटपट्टीसह फोटो काढला आणि स्वखर्चाने कुरिअर केल्या.

तीन दिवसांनी ‘गुणवत्ता विभागा’चा अहवाल आला. लांबी सदोष, गाठींचा ताण असमान, संपूर्ण लॉट नामंजूर. ‘ताई’ जाऊन ‘मॅडम’ आले होते. सोबत एका माळेचा जवळून काढलेला फोटो होता, ज्यात एका ठिकाणी मोती आणि गाठ यांच्यामध्ये उघडा दोरा दिसत होता. खरे सांगायचे तर मला त्या क्षणी फसवणुकीचा संशय आला नाही. माझ्या मनात आले ते एवढेच, की त्या रात्री घाईत सुई लवकर काढली गेली असणार. हाताने काम करणारा माणूस आपल्या कामातली खोट सर्वांत आधी मान्य करतो, कारण ती त्याला आधीपासून ठाऊकच असते. पंचवीस माळांत सतराशे मोती ओवले, तर कुठे ना कुठे एखादी गाठ कमी बसणारच. आधी केलेली स्तुती इथे वसूल होते: एवढा विश्वास टाकणाऱ्या माणसाचे आपण नुकसान केले, असे वाटून बाई गप्प बसते, नवऱ्यालाही सांगत नाही, आणि अनामत सोडून देते. तक्रारी कमी होतात त्या यामुळे.

मी उरलेले मोती आणि माळांचे फोटो त्या पटवेकऱ्यांना दाखवले. त्यांनी गाठी बघितल्याच नाहीत. एक मोती तळहातावर उडवला, भोकाच्या कडेला नख लावले, तर वरचा चकाकता थर पापुद्र्यासारखा सुटून आला आणि खाली साच्याची रेघ दिसली. प्लास्टिक होते. मग मजुरीचा दर ऐकून ते हसले. असल्या मण्यांच्या माळेला ८० रुपये मजुरी देऊन व्यापारी विकणार कितीला, हा त्यांचा साधा प्रश्न होता, आणि तो मला आधी कोणीच विचारला नव्हता. बाजारात बाहेर काम देणारे व्यापारी माल वजन करून देतात, वजन करून घेतात, ओळखीशिवाय देत नाहीत. काम करणाऱ्याकडून पैसे मात्र कोणी मागत नाही, असे त्यांनी सांगितले. या मंडळींना माळा नकोच असतात. त्यांचा धंदा अनामतीचा आहे, मोती हा त्यातला किरकोळ खर्च आहे.

मी अनामत परत मागितल्यावर दुसरा अंक सुरू झाला. १,७०० मोत्यांचे नुकसान, मोत्यामागे ४ रुपयांप्रमाणे ६,८०० रुपये, ४८ तासांत भरावेत, अन्यथा अटक, अशी ‘कायदेशीर नोटीस’ व्हॉट्सॲपवर आली. वर अशोकस्तंभ, खाली शिक्का आणि न वाचता येणारी सही. वकिलाच्या नोटिशीवर राजमुद्रा नसते. तिच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. खाजगी कराराचा भंग ही दिवाणी बाब आहे, तिच्यासाठी पोलीस कोणाला उचलून नेत नाहीत. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार न्यायालय वाजवी भरपाईच देववते, आणि तीही लिहिलेल्या रकमेच्या आत. उलट मुळात फसवण्याच्या हेतूनेच पैसे घेतले असतील, तर तो गुन्हा होतो. जुने कलम ४२०, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर कागदपत्रे जोडली. पैसे गेल्यावर लगेच या क्रमांकावर कळवले, तर ते ज्या खात्यात आहेत तिथेच गोठवले जाण्याची शक्यता असते. या फसवणुकीत मात्र १५ दिवसांची मुदत आणि तपासणीचे सोंग मध्ये असल्याने तोवर खाते रिकामे झालेले असते, आणि माझ्या बाबतीत तेच झाले. म्हणून अनामत भरल्यानंतर माल हाती असतानाच शंका आली, तर लॉट पूर्ण करण्याची वाट पाहू नये, त्याच दिवशी तक्रार करावी. तक्रारीसोबत यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेने दिलेला संदर्भ क्रमांक, पैसे घेणाऱ्याचे पडद्यावर दिसलेले नाव, कुरिअरची पावती आणि पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता जोडावा; माझ्या पाकिटावरचा पत्ता लेटरहेडवरच्या पत्त्यापेक्षा वेगळ्या शहरातला होता, आणि तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी सर्वांत आधी तोच टिपून घेतला. नोटिशीला मी उत्तर दिले नाही, ६,८०० रुपये भरले नाहीत, आणि ४८ तास उलटल्यावर आणखी दोन-चार धमकीचे फोन येऊन ते आपोआप थांबले. माझे ३,४९९ रुपये अद्याप परत आलेले नाहीत.

मैत्रिणीच्या वहिनींनी गेल्या आठवड्यात मला आणखी एक जाहिरात पाठवली, या वेळी खात्री करून घेण्यासाठी. नाव वेगळे आहे, पत्ता पुण्याचा आहे, नोंदणी फी ४९९ ऐवजी ६९९ आहे. करार मात्र तोच आहे: ६ मिलिमीटरचे ६८ मोती, मध्ये गाठी, लांबी १६ इंच.