मिनँडरचा द्रम्म: नाणे चोख, चिठ्ठी चुकीची

गेल्या महिन्यात पुण्यातील एका परवानाधारक नाणेविक्रेत्याकडून मी मिनँडर या इंडो-ग्रीक (भारताच्या वायव्येकडे राज्य करणाऱ्या ग्रीक) राजाचा द्रम्म, म्हणजे चांदीचे छोटे नाणे, साडेपाच हजार रुपयांना विकत घेतले. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा मिलिंद तो हाच, आणि बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला नाव दिले तेही याचेच.

नाण्याविषयी तक्रारीला जागा नाही. घरच्या काट्यावर ते 2.41 ग्रॅम भरले. हिंदुकुशाच्या दक्षिणेस इंडो-ग्रीकांनी जुने अ‍ॅटिक, म्हणजे अथेन्सचे, वजन सोडून सुमारे 2.45 ग्रॅमचे जे प्रमाण धरले, त्यात झीज लक्षात घेता ते नीट बसते. दर्शनी बाजूवर राजाच्या केसांना बांधलेल्या फितीची टोके मानेमागे लोंबताना भिंगाशिवाय दिसतात आणि भोवती ग्रीक लिपीत ‘बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू’, म्हणजे ‘त्राता राजा मिनँडर याचे’, असा लेख आहे. मागील बाजूस वज्र उगारलेली ग्रीक देवी अथेना असून तोच मजकूर वायव्येकडच्या खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’ असा उजवीकडून डावीकडे वाचावा लागतो. अशाच दुभाषी नाण्यांच्या आधारे इंग्रज अभ्यासक जेम्स प्रिन्सेपने 1830 च्या दशकात खरोष्ठीची बरीच अक्षरे लावली. ठसा किंचित सरकल्याने खालचे बोधचिन्ह अर्धे कापले गेले आहे, पण घण मारून पाडलेल्या नाण्यात एवढे चालायचेच.

दुकानाने मात्र निराशा केली. सोबतच्या चिठ्ठीवर लिपी ‘ब्राह्मी’ आणि काळ ‘इ.स. 150’ असा छापला आहे. मिनँडर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, त्यामुळे चूक थेट तीनशे वर्षांची झाली. शिवाय विक्रीपूर्वी चांदी इतकी उजळली आहे की अक्षरांच्या खाचांतली जुनी काळसर झाक पार गेली, आणि ती काही परत आणता येत नाही. पक्के बिल मात्र न मागता मिळाले, हे नमूद करायला हवे.

निघताना विक्रेत्याने अपोलोडोटस या दुसऱ्या इंडो-ग्रीक राजाचे चौकोनी नाणे आग्रहाने दाखवले: एकीकडे हत्ती, दुसरीकडे वशिंडाचा बैल, आणि मोह पडावा अशी किंमत. भिंगातून पाहिले तर कडेवर सभोवार बारीक शिवण होती, जी साच्यात ओतलेल्या नकलेवर येते. ‘काका, पाडलेल्या नाण्याला अशी रेघ नसते,’ असे म्हणताच त्यांनी वाद न घालता ते ड्रॉवरमध्ये टाकले. आठवड्याने गेलो, तेव्हा ते पुन्हा ट्रेमध्ये मांडलेले होते.